सावडीचा ट्रॅक्टर

लाल की निळा, या एका प्रश्नानं त्या वर्षी आखाजीपासून, म्हणजे अक्षय्य तृतीयेपासून, मला एका जागी बसू दिलं नाही. ओट्यावर टेकलो की उठायचो. बांधावर गेलो की घर आठवायचं, घरी आलो की बांध. जेवताना ताटातल्या वरणात बोटानं रेघा ओढायचो. ही केळीची ओळ, हा वळायचा कोपरा. इथून लाल वळेल का, निळा वळेल का. माझी बायको मंजुळाबाई समोर वाढायला बसलेली असायची.

"आधी जेवा," ती म्हणायची, "मंग चालवा. वरणात चाकं फसतीन."

एक्क्याण्णव साल होतं ते. सावद्याच्या आजूबाजूला आमच्याकडे सगळी केळी. मोठा ट्रॅक्टर केळीच्या दोन ओळींत शिरत नाही, शिरलाच तर घड धरलेली झाडं मोडून बाहेर येतो. त्यामुळे आमचं काम बैलांवर. पण तेव्हा छोटे ट्रॅक्टर नुकतेच निघाले होते, अंगानं बैलगाडीपेक्षा बारीक. दोन कंपन्यांचे दिसायचे. त्यांची नावं कोणी घेत नसे. एक लाल, एक निळा, एवढंच.

माझ्या गोठ्यात त्या उन्हाळ्यात एकच बैल उरला होता, पवळ्या. त्याचा जोडीदार पोट फुगून मेला. शेजारच्या बन्सीलालकडेही एकच बैल होता, म्हणून आम्ही सावड केली. त्याचा एक, माझा एक, मिळून एक जोडी. आज त्याच्या शेतात, उद्या माझ्या. पण सावडीत माणसाला दुसऱ्याच्या शेताकडे बघत बसावं लागतं, आणि बघत बसणं मला कधीच जमलं नाही.

त्यात माझा मुलगा लीलाधर. तो दीपनगरला वीजकेंद्रात नोकरीला, तिथल्याच कॉलनीत राहणारा. आखाजीला आला आणि ओट्यावर बन्सीलालच्या समोरच विषय काढला.

"आबा, आता पुरे झालं. शेत बन्सीकाकांना वर्षाच्या ठोक्यानं कसायला देऊन टाका आणि आईला घेऊन कॉलनीत या. नळाला पाणी आहे, पंखा आहे."

"मी ट्रॅक्टर घेऊ राहिलो," मी म्हणालो. तोंडातून निघून गेलं.

बन्सीलाल हसला. लीलाधर हसला नाही. "ठीक आहे," तो म्हणाला. "घ्या. पण मग दसऱ्याच्या आत नाल्याकडच्या शेतात कांदेबाग लागलेली मला दिसली पाहिजे. दिसली तर मी पुन्हा हा विषय काढणार नाही. नाही दिसली तर शेत काकांकडे. शब्द द्या."

मी शब्द दिला. कांदेबाग म्हणजे पावसाळा सरताना लावायची केळी. बन्सीलालनंही मान डोलावली, कारण त्याचंच चांगलं होणार होतं. माझ्या शेताला विहिरीचं पाणी आहे आणि त्याच्या बांधाला लागून आहे.

तेव्हापासून माझ्या पायांना चैन पडेना.

पहिल्यांदा जळगावला गेलो, लाल बघायला. दुकान मोठं, काचेचं. आत ट्रॅक्टर असा उभा की त्याच्या बोनेटात माझी टोपी दिसत होती. एका टायवाल्या पोरानं थंड बाटली फोडून हातात दिली आणि धडाधड बोलायला लागला. दोन सिलिंडर. पाण्यावर गार राहणारं इंजिन. चावी फिरवली की चालू, हँडल मारायला नको. मागची लिफ्ट निळ्यापेक्षा जास्त वजन उचलते. त्यानं पत्रक दिलं. मला वाचायला थोडा वेळ लागतो, म्हणून तो वाचून दाखवायला लागला. मी म्हणालो, राहू दे, मी घरी वाचीन.

"आणि बिघडला तर?" मी विचारलं.

"बिघडतच नाही काका."

"तरी?"

"तरी काही झालंच तर आमच्याकडे या."

"मी येईन रे बाबा, एसटी आहे. तो कसा येईल?"

आजूबाजूचे हसले. पोरगाही हसला आणि त्यानं दुसरी बाटली हवी का, असं विचारलं.

घरी येऊन पत्रक अक्षर लावत वाचलं. त्यात खोटं काही नव्हतं. लाल खरोखरच भारी होता. तरी दुसऱ्या दिवशी पहाटे मी धुळ्याची एसटी पकडली. धुळ्याच्या पलीकडे हिलाल राहतो. पवळ्या मी धुळ्याच्या बाजारात त्याच्याकडूनच घेतलेला. बैल विकल्यावर पुढच्या हिवाळ्यात हा माणूस स्वतःच्या खर्चानं आमच्या गावाला आला होता, बैल कसा चालतो ते बघायला. पवळ्याच्या खुराला भेग पडली होती ती त्यानंच दाखवली, औषध करून लावलं, आणि चहा पिऊन गेला. या हिलालनं लाल ट्रॅक्टर घेतल्याचं मी ऐकलं होतं.

"ये रे भो, ये," त्यानं लांबूनच हाक दिली. "पवळ्या कसा शे?"

"पवळ्या बरा आहे. त्याचा जोडीदार गेला." मी इकडेतिकडे बघितलं. "तुझा ट्रॅक्टर बघायला आलो."

"देख ना. तो तठे शे."

निंबाखाली लाल ट्रॅक्टर उभा होता. बसायच्या जागेवर एक कोंबडी अंडी उबवत बसली होती. मागच्या चाकांवर गवत चढलं होतं.

"चालत नाही का?"

"इंजिन झकास शे. दोन जोड्या वढतीन तितकं एकला वढे." हिलालनं बोनेटवर हात फिरवला, बैलाच्या पाठीवर फिरवावा तसा. "पन आतला एक पंप गया. मुठमा माई इतला," त्यानं मूठ वळून दाखवली. "तो भेटत नही."

"दुकानदार काय म्हणतो?"

"धुळामा दुकान व्हतं ते बंद पडनं. आते जळगावले जा म्हनतस. जळगाववाला म्हनतस, तुम्ही आमनाकडथून कोठे लिन्हा? बठ्ठा असाच शेतस." ज्याच्याकडून घेतला नाही, तो हात लावायला तयार नाही. मग तो कोंबडीकडे बघून म्हणाला, "ही मात्र खूश शे."

मी हसलो, पण परतीच्या एसटीत मला ती कोंबडीच दिसत होती. हिलालला बैल विकल्यावरही बैल आपला वाटत होता. त्यालाच कोणी तरी असा ट्रॅक्टर विकून टाकला होता, की जणू दोरी त्याच्या हातात दिली आणि तोंड फिरवलं.

निळ्याचं दुकान सावद्यात, बाजाराच्या मागे पत्र्याच्या शेडमध्ये. मालक रुपचंद, चाळिशीचा, नेहमी हाताला काळं लागलेलं. मी गेलो तेव्हा तो कोणाचा तरी गिअरबॉक्स उघडून बसला होता आणि एका हातानं चहा पीत होता. निळा ट्रॅक्टर बाजूला उभा. एकच सिलिंडर. आवाज विहिरीवरच्या ऑइल इंजिनासारखा. बसायची जागा नुसता पत्रा. हँडल मारून चालू करायचा. लालसमोर उभा केला तर गरीब पाहुण्यासारखा दिसला असता.

"बिघडला तर?" मी त्यालाही विचारलं.

"बिघडणारच," रुपचंद म्हणाला. "यंत्र आहे. फिल्टर चोंदेल, पट्टा तुटेल, नोझल जाईल. ते सगळं त्या फळीवर आहे, बघा. जे नाही ते मी नाही म्हणून सांगीन. तुमच्या ओळींत अंतर किती ठेवता? वळायला जागा किती? चालवणार कोण?"

"मीच."

"मग आठ दिवस इथं यायचं, या आवारात शिकायचं. न शिकवता मी कोणाला ट्रॅक्टर देत नाही."

दुसऱ्या दिवशी तो टेप घेऊन माझ्या शेतात आला, ओळी मोजल्या, नाल्याकडच्या शेताची वाट बघितली. तीन बाजूंनी दुसऱ्यांची उभी केळी, मधून नुसती बोळ. "मोठा इथं येणारच नाही," तो म्हणाला. "लाल येईल, पण वळताना दोन झाडं खाईल. हा येईल." लालची खोटी निंदा त्यानं केली नाही. लिफ्ट त्याची भारी आहे, असंही सांगितलं.

मी निळा घेतला. शिकताना मी कोपऱ्यावर, बैलांना थांबवावं तसं, "हो, हो, हो" करत राहिलो आणि रुपचंदच्या कुंपणाला धडकलो. "आबा, तो हो म्हटल्यानं थांबत नाही," रुपचंद ओरडला, "पाय दाबा, पाय!"

घेतल्यावर तरी जिवाला स्वस्थता यावी, तर तेही नाही. रस्त्यानं एखादा लाल दिसला की वाटायचं, चुकलो. हँडल मारताना हात दुखला की वाटायचं, चुकलो. बन्सीलाल रोज बांधावर उभा राहून विचारायचा, "काय रे चुडामण, तुहा हा एका पायाचा घोडा लंगडतो का नही?" पण पावसाळाभर तो बघत होता. ओळींतलं गवत कसं निघतं, किती लवकर निघतं. दोनदा पट्टा तुटला आणि दोन्ही वेळा रुपचंद दुपारच्या आत मोटारसायकलवर येऊन गेला, तेही बन्सीलालनं बघितलं. पोळ्याच्या बऱ्याच आधी एके दिवशी त्यानं आपला बैल विकला आणि सावद्याला जाऊन निळा नोंदवून आला. दसऱ्याच्या मुहूर्तावर न्यायचा, हार घालून, गावातून मिरवत. हे त्यानं साऱ्या गावाला सांगितलं. मला मात्र सांगितलं नाही.

पोळ्याच्या आदल्या दिवशी आमच्याकडे खांदेमळणी. वर्षभर जू वाहिलेले बैलाचे खांदे तूप-हळदीनं मळायचे. हे काम उखर्डूचं. उखर्डू माझा सालदार, माझ्याच वयाचा. बैलांचं सगळं तोच बघायचा. कोणता बैल कुठं दुखतो ते त्याला चालीवरून कळायचं, आणि अंगात कोरडेपणा आला म्हणून बैलाला बांबूच्या नळीनं तेल पाजायचं तर तेही तोच. त्यानं पवळ्याचे खांदे मळले. मंजुळाबाईनं ट्रॅक्टरच्या बोनेटवर हळदीचा हात उठवला. पोळ्याला पवळ्या पुढे आणि ट्रॅक्टर मागे, अशी आमची मिरवणूक मारुतीपर्यंत गेली. लोक हसले. उखर्डू हसला नाही. तो ट्रॅक्टरच्या बाजूनं कान देऊन चालत होता. क्लच दाबला की आतून बारीक किर्र आवाज यायचा, तो मलाही माहीत होता. मी दुर्लक्ष करायचो.

पोळा झाला, पाऊस ओसरला. निंभोऱ्याच्या एकानं आपली बाग मोडली आणि कंद घेऊन जा म्हणून निरोप धाडला. कंद म्हणजे केळीचं बी म्हणा. जमिनीतून खोदला की थोड्याच दिवसांत लावावा लागतो, ढिगात ठेवला की आतून तापतो आणि सडतो. माझं शेत अजून तयार नव्हतं. पण बाग मोडणारा थांबत नाही; चांगले कंद सोडले तर दुसरे कुठून आणायचे? मी आणले. घरापुढच्या निंबाच्या सावलीत ढीग घातला, वर केळीची पानं, त्यावर पाणी. आणि नांगर जोडून ट्रॅक्टर नाल्याकडच्या शेतात नेला.

पहिल्याच तासाला इंजिन ओरडायला लागलं आणि चाकं जागच्या जागी. मी रेस वाढवली. इंजिन आणखी ओरडलं, ट्रॅक्टर हलेना. नांगर उचलला की रिकामा ट्रॅक्टर सुरळीत पुढे जायचा, नांगर मातीत गेला की पुन्हा तेच. जळका वास यायला लागला. मी सकाळभर तसाच झगडत राहिलो, मग खाली उतरून त्याच्याभोवती फिरायला लागलो. उखर्डूही फिरायला लागला. आम्ही दोघं एकामागे एक फिरत होतो.

रुपचंद दुपारी आला. ऐकलं, हुंगलं. ट्रॅक्टर रिकामाच घरापर्यंत आणला, लाकडाचे ओंडके लावले, बोल्ट काढले आणि मधून सरळ दोन तुकडे केले. इंजिन एकीकडे, मागचा भाग एकीकडे. मंजुळाबाईनं तोंडावर पदर घेतला. गोठ्यात पवळ्या उठून उभा राहिला.

रुपचंदनं आत बोट फिरवलं आणि नाकाशी नेलं. "आबा," तो म्हणाला, "इथं भजी तळली का? शेंगदाण्याचं तेल आहे हे."

मग उखर्डू पुढे आला. "मी पाजलं," तो म्हणाला. "पोळ्याच्या आदल्या दिशी. किर्र वाजे. मले वाटलं याचाबी खांदा दुखतो. खाली दांडा जातो तिथं बोटभर फट व्हती, नळीनं पाजलं. चांगलं अर्धा तांब्या."

मला आधी राग आला आणि लगेच रडू आलं, मग दोन्ही राहिलं. रुपचंद मात्र खाली बसून पोट धरून हसला. हसणं संपल्यावर त्यानं क्लचची काळी पडलेली गोल प्लेट हातात उचलून उन्हात धरली, आणि त्याचा चेहरा बदलला.

"ही कोरडी राहायला हवी," तो म्हणाला. "तेल लागलं की घसरते. नुसतं तेल असतं तर पेट्रोलनं धुऊन दिली असती. पण वर रेस दिलीत ना? जळली आहे. नवीच लागेल, आणि ती माझ्या फळीवर नाही. इतक्या लवकर कोणाची जात नाही, म्हणून मी ठेवलीच नाही. कंपनीच्या डेपोतून मागवीन, पण दसरा उलटेल."

मी निंबाखालच्या ढिगाकडे बघितलं. पानं वाळायला लागली होती. पवळ्या एकटा, आणि या दिवसांत गावात कोणाची जोडी मोकळी नव्हती.

"दुसरीकडे कुठं नाही?"

रुपचंदनं हात पुसले. बराच वेळ पुसले. "एक आहे," तो म्हणाला. "माझ्या शेडमध्ये नवा ट्रॅक्टर उभा आहे, त्याच्या पोटात. पण तो बन्सीलाल भाऊंचा आहे. त्यांना न विचारता मी त्याला पाना लावणार नाही. विचारायचं तर मी सोबत येतो. तुम्ही एकटे जाऊ नका."

जळगावच्या काचेच्या दुकानात मी विचारलं होतं, तो कसा येईल? आज माझ्याबरोबर दुकानदार स्वतः चालत निघाला होता, तेही हातचं गिऱ्हाईक मोडायची जोखीम घेऊन. पण मी त्याच्यापुढे चार पावलं जाऊन परत मागे येत होतो. ज्याला माझं शेत हवं, त्याच्याच दारात मला जायचं होतं.

बन्सीलाल ओट्यावर अडकित्त्यानं सुपारी कातरत बसला होता.

"काय भो, दोघं-दोघं? वरात काढली का?"

रुपचंदनं आडपडदा न ठेवता सगळं सांगितलं. तेल, रेस, प्लेट, डेपो. बन्सीलालचा अडकित्ता चालूच होता.

"म्हणजे माझ्या कोऱ्या ट्रॅक्टरचं पोट दसऱ्याच्या तोंडावर फाडायचं," तो म्हणाला, "अन आतलं काढून याले द्यायचं. अन काऊन? तर याच्या सालदारानं ट्रॅक्टरले तेल पाजलं!"

आतून त्याच्या बायकोचं हसू ऐकू आलं.

"अन नही दिली तर?"

"नही दिली तर कंद सडतीन," मी म्हणालो. "शेत तुह्याकडे येईन. लीलाधरले मी शब्द देला, तू समोरच व्हता."

"मले माहीत आहे. म्हणून तर इचारतो, तू मागाले आलाच कसा?" अडकित्ता थांबला. "अन तुले जायचं काऊन नही रे दीपनगरले? नळ आहे, पंखा आहे."

"दोन दिवस राहून आलो मी तिथं. सकाळी उठून कुठी जायाचं, तेच सुचत नही."

बन्सीलालनं माझ्याकडे बघितलं. मग सुपारी तोंडात टाकली, टोपी घातली आणि ओट्यावरून उतरला. "चल. कंद दाखव."

निंबाखाली येऊन त्यानं पानं बाजूला केली आणि ढिगात कोपरापर्यंत हात घातला. तसाच उभा राहिला, डॉक्टर नाडी बघतो तसा. मी इकडून तिकडे फेऱ्या घालत होतो. "उभा राह्य ना जरा," तो खेकसला. मग हात काढला आणि केळीच्या पानाला पुसला.

"तापाले लागले. कंद चांगले आहे रे. कुठून आणले?"

"निंभोऱ्याहून."

तो पुन्हा ढिगाकडे बघत राहिला. केळी लावणाऱ्या माणसाला चांगला कंद सडताना बघवत नाही, मग तो कोणाचाही असो. शेवटी रुपचंदकडे वळून म्हणाला, "काढ प्लेट. पण ऐक. माझी प्लेट याच्या शेतात फिरणार, तर माझ्याबी शेतात फिरली पाहिजे. माझी नवी येईपर्यंत सावड."

"आधी कोणाचं?" मी विचारलं.

"आधी माझं," तो म्हणाला, आणि माझं तोंड बघून हसला. "घाबरला काय रे! आधी तुहं. माझे कंद अजून जमिनीत आहे. अन दुसरं, दसऱ्याले हा ट्रॅक्टर माझ्या दारात उभा पाहिजे. साऱ्या गावाले सांगून बसलो मी. हारबी सांगितला सावद्याच्या माळ्याले."

"आणि लीलाधर?"

"लीलाधरचं काय? मी दुसरं शेत पाहतो."

रुपचंदनं त्याच दिवशी सावद्याला नवा ट्रॅक्टर उघडला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आमचा जोडला. जोडताना त्या किर्र वाजणाऱ्या ठिकाणी त्यानं बोटभर ग्रीस लावलं. "हे मी लावायचं," तो उखर्डूला म्हणाला. "तुम्ही नाही." उखर्डूनं मान हलवली. बांबूची नळी त्यानं तेव्हाच पवळ्याच्या गोठ्यात खुंटीला अडकवून टाकली होती. ग्रीस लावूनही आवाज पुरता गेला नाही.

मग मी चालवायला बसलो तो उतरलोच नाही. नांगरट, कुळवाची पाळी, सऱ्या. प्रत्येक वळणावर पाय क्लचवर ठेवताना वाटायचं, आता घसरेल. कान सारखा त्या किर्रकडे. मागे बायका कंद मांडत होत्या, मंजुळाबाई त्यांच्यावर ओरडत होती, कंदाचा डोळा वर, डोळा वर! ढिगातल्या मधल्या काही कंदांना काळा डाग पडला होता, ते तिनं निवडून बांधावर फेकले. बाकीचे गेले. दसऱ्याच्या आदल्या संध्याकाळी नाल्याकडच्या शेतात शेवटची सरी ओढली, बायका तिच्यात कंद मांडत होत्या, तेवढ्यात बन्सीलाल ट्रॅक्टर न्यायला हजर. मी तो त्याच्या दारात नेऊन लावला आणि चालत घरी आलो.

दसऱ्याला सकाळी मी आणि उखर्डू शेवटच्या सरीला पाणी देत होतो. लीलाधर बांधावरून येताना दिसला. नवे कपडे, हातात आपट्याची पानं. चेहरा मात्र उतरलेला. तो लांबूनच बोलायला लागला.

"आबा, मी गावातून येतोय. आपला ट्रॅक्टर बन्सीकाकांच्या दारात उभा आहे. वर झेंडूचा हार. काका लोकांना पेढे वाटताहेत." तो जवळ आला. "देऊन टाकलात? मी एवढं म्हणालो नव्हतो. शेताचं बोललो होतो, ट्रॅक्टरचं नाही."

"त्याच्यात प्लेट त्याची आहे," मी म्हणालो.

"म्हणजे?"

"म्हणजे सावड."

त्याला काही कळलं नाही. मी हातानं शेत दाखवलं. तेव्हा कुठं त्यानं वर बघितलं. सऱ्या नाल्यापर्यंत गेल्या होत्या, ओली माती, आणि सरीसरीत कंद. खाली बसून त्यानं एका कंदाभोवतालची माती दाबली, मग आपट्याची पानं माझ्या हातात दिली आणि वाकून पाया पडला. बांधावर बूट काढले, पँट वर दुमडली.

"फावडं द्या," तो म्हणाला. "पाण्याचं बारं मी मोडतो."

मी फावडं त्याच्या हातात दिलं. एवढ्या महिन्यांत पहिल्यांदाच मला वाटलं, की आता बांधावर टेकावं. टेकलोही. तेवढ्यात गावाच्या बाजूनं इंजिनाचा आवाज आला. धड, धड, धड. मग किर्र. मग इंजिन एकदम ओरडलं आणि कोणाच्या तरी कोंबड्या उडाल्या.

उखर्डूनं कान टवकारले. "आबा, बन्सीभाऊले चालवता येतं का?"

येत नव्हतं. त्याच्या ट्रॅक्टरचं पोट रिकामं, म्हणून रुपचंदच्या आवारात त्याची शिकवणी अजून सुरूच व्हायची होती.

मी उठलो आणि धोतर सावरत गावाकडे पळत सुटलो.